होडीच्या बदल्यात विमान

ग्वेंडा डिरीन त्या शनिवारी हॅलमांच्या बागेवर गेली ती बँडसॉ, म्हणजे लाकूड कापायची यंत्रावरची करवत, बघायला. ह्यूऑन नदीच्या काठी, फ्रँकलिन गावात तिचा होड्या बांधायचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांबलचक पत्र्याची शेड, पाण्यात उतरणारी लाकडी घसरण आणि दारात कायमचा भुशाचा ढीग. वडिलांनी सुरू केलेला, पण वडिलांपेक्षा तिनेच जास्त वर्षं चालवलेला. म्हातारा टॅस हॅलम वारला होता, त्याची मुलगी एल्वा सफरचंदांच्या शेडमधलं सगळं सामान काढून टाकत होती, आणि ग्वेंडाचा जुना बँडसॉ आता अगदीच कुरकुरायला लागला होता.

हॅलमांचा बँडसॉ गंजलेला निघाला. पण शेडच्या मागच्या अंगाला, रिकाम्या खोक्यांच्या उतरंडीआड ते विमान उभं होतं.

ते तिथे आहे हे खोऱ्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. हवाई दलाने ही प्रशिक्षणाची जेट विमानं मोडीत काढली तेव्हा टॅसने त्यातलं एक उचलून आणलं होतं. कशासाठी, ते त्याने कधीच कुणाला सांगितलं नाही. बुटकं, फुगीर पोटाचं, मागे दोन शेपट्या असलेलं ते व्हॅम्पायर. पंख काढून भिंतीला टेकवलेले, आणि काचेच्या झाकणावर कोंबड्यांनी वर्षानुवर्षं केलेली नक्षी.

“सोमवारी भंगारवाला येतोय,” एल्वा म्हणाली. “पंख आणि शेपट्या नेणार तो. मधलं धड त्याला नकोय. म्हणाला, जाळून टाका.”

“जाळून? विमान जळतं होय?”

“लाकडी आहे ना ते.”

ग्वेंडा हसली. जेट विमान आणि लाकडी! पण नाकाजवळ एका जागी रंगाचा पोपडा उडाला होता, तिथे तिने नख घातलं आणि हसणं थांबलं. खाली प्लायवूड होतं, कागदासारख्या पातळ थरांचं. आणि ते एका अंगाने नव्हे, दोन्ही अंगांनी वळवलेलं, अंड्याच्या कवचासारखं. असं लाकूड वळवायला काय लागतं हे ग्वेंडाला कळत होतं. ती खाली वाकली, पोटाखाली सरपटत गेली, आणि बराच वेळ तिचे बूटच तेवढे दिसत राहिले. सांधा कुठे आहे ते तिला सापडेना. कुणीतरी हे इतकं सुरेख काम केलं होतं आणि वर रंग फासून दिला होता.

बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत कोळिष्टकं होती.

“एल्वा, माझ्याकडे एक नवी होडी आहे. वल्ह्यांची. अजून पाण्यात उतरलेली नाही. ती घे आणि हे मला दे.”

“मला होडी काय करायचीय?”

“तुला नाही गं. तुझ्या नवऱ्याला दे. रविवारी मासे धरायला जाईल. दिवसभर घर तुझं.”

एल्वाने क्षणभर विचार केला. “होडी कधी आणतेस?” तिने विचारलं.

डार्सी डिरीन, ग्वेंडाचा नवरा, ब्रूनी बेटाच्या फेरीबोटीवर दोर बांधायचं काम करायचा. दिवसभर गाड्यांना ‘पुढे, पुढे, थांब’ करून संध्याकाळी घरी आला, तर शेडमध्ये होडीच्या जागी विमान.

“अगं, सकाळी इथे होडी होती.”

“दिली.”

“आणि हे आलं?”

“हो.”

डार्सीने विमानाभोवती एक चक्कर मारली. “तरंगतं का?”

“नाही.”

“उडतं?”

“सध्या नाही.”

‘सध्या’ हा शब्द डार्सीने नीट ऐकला. संसार जुना होता, त्यामुळे तो वाद घालायच्या भानगडीत पडला नाही. फक्त म्हणाला, “नावच व्हॅम्पायर आहे बाई त्याचं. रक्त कुणाचं पिणार ते मला दिसतंय.”

‘सध्या नाही’ असं आपण का म्हणालो, हे ग्वेंडाला स्वतःलाही लगेच उमगलं नसावं. गावात प्रत्येकाने सल्ला दिला. कुणी म्हणालं रस्त्याच्या कडेला खांबावर बसव, पर्यटक थांबतील. हॉटेलात बिअर पिता पिता कुणी म्हणालं, कोंबड्यांना सवय आहेच, खुराडंच कर. ग्वेंडा सगळ्यांना एकच उत्तर द्यायची. पाण्यात जाणार नसलेली होडी तिने आजवर दुरुस्त केली नव्हती. शोभेच्या वस्तू करायच्या असत्या तर ती कपाटं करत बसली असती. हे उडायला बनवलंय, तर ते उडालं पाहिजे.

पण विमान म्हणजे होडी नव्हे एवढं तिला कळत होतं. तिला माणूस हवा होता, आणि तो माणूस जीव्हस्टनला राहायचा. अल्विन पायबस. तरुणपणी हवाई दलात याच विमानांच्या देखभालीवर होता. निवृत्त झाल्यावर बागांवर औषध फवारणारी छोटी विमानं दुरुस्त करायचा. सरकारी परवाना असलेला, ज्याच्या सहीला किंमत आहे असा. डाव्या कानाने ठार बहिरा.

“नाही,” अल्विन दारातूनच म्हणाला. “या कानाचं काय झालं विचार. त्या इंजिनाच्या शिट्टीने खाल्ला. दुसरा मी शाबूत ठेवणार आहे.”

पुढच्या आठवड्यात ती स्कॅलपच्या गरम पेस्ट्र्या घेऊन गेली. शिंपल्यांतलं ते मऊ मांस, मसालेदार रश्शात, वर खुसखुशीत आवरण. अल्विनने पेस्ट्री घेतली आणि दार लावलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात पुन्हा गेली. असं करत करत एकदा त्याने खाता खाता विचारलं, “छपराचं पाणी कुठे गळत होतं? कॉकपिटवर?”

“हो. मागच्या बाजूला.”

“मग खालचं ते हलकं बाल्सा लाकूड गेलं. दह्यासारखं झालं असेल.”

“झालंय.”

अल्विनने बोटं पुसली. “येतो. पण एक सांगून ठेवतो पोरी. माझा शब्द शेवटचा. तुझी होडी गळली तर तू पोहत काठाला येशील. हे वर गळलं तर कुणी कुठे पोहायचं?”

ग्वेंडा पन्नाशी ओलांडलेली होती. तिला पोरी म्हणणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. ती म्हणाली, “कबूल.”

कबूल म्हणणं सोपं होतं. जुलै म्हणजे तिथला भर हिवाळा; त्या कडाक्यात तिने धड उघडलं. कुजलेला भाग कापत कापत निरोगी लाकडापर्यंत गेली, तेव्हा खुर्च्यांच्या मागे माणूस आरपार जाईल एवढं भगदाड पडलं. हवाई दलाच्या जुन्या नकाशांत लिहिलं होतं की बाहेर आणि आत बर्चचं प्लाय, मध्ये बाल्सा, आणि जिथे भार येतो तिथे स्प्रूसचं हलकं पण मजबूत लाकूड. हे सगळं परदेशातून मागवावं लागणार होतं. आणि ग्वेंडाच्या माळ्यावर, ताडपत्रीखाली, वडिलांच्या वेळेपासून जपलेल्या ह्यूऑन पाइनच्या फळ्या होत्या. ते झाड आता तोडू देत नाहीत. पिवळंधमक, गोड वासाचं, शंभर वर्षं पाण्यात राहिलं तरी न कुजणारं लाकूड. त्यातलं एक बोटभरही ती गिऱ्हाइकाला देत नसे.

तिने त्या फळ्या खाली काढल्या. स्प्रूसच्या जागी स्प्रूसपेक्षा चांगलं लाकूड घातलं तर वाईट काय होणार होतं? साचा करायला, फळी वाफवून वळवायला, लांब तिरके सांधे मारायला तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. सबंध हिवाळा ती त्यात होती. अल्विन पलीकडे इंजिनात डोकं घालून बसलेला असायचा आणि तिच्या बाजूला फिरकायचा नाही. शेवटी तिनेच त्याला बोलावलं. मनातून शाबासकी हवी होती.

अल्विन आत शिरला, दिवा फिरवला, नाक ओढलं.

“गोड वास येतोय.”

“ह्यूऑन पाइन आहे. माझ्याकडचं सगळ्यात उत्तम.”

“काढ.”

“काय?”

“सगळं काढ. नकाशात स्प्रूस आहे.”

“अल्विन, हे स्प्रूसपेक्षा दसपट टिकतं! माझ्या आजोबांनी बांधलेली बोट अजून नदीत आहे, याच लाकडाची!”

“असेल. ती बोट उलटी होऊन ताशी पाचशे मैल जाते का?”

“तुम्हाला लाकडातलं काय कळतं?”

“होड्यांच्या लाकडातलं काही नाही. पण याच्यावर सही माझी आहे.”

ती ताडकन बाहेर गेली, आणि नंतर बरेच दिवस दोघांचं बोलणं बंद. एका शेडमध्ये दोघं काम करायची आणि डार्सी मधे उभा राहून निरोप द्यायचा. “अल्विन विचारतोय, पाना कुठे ठेवलास.” “त्याला सांग, त्याच्या हातातच आहे.” शेवटी डार्सीच वैतागला. “मी दिवसभर बोटीवर इकडून तिकडे जातो, घरी येऊनही तेच करतोय,” म्हणाला.

तोडगा अल्विननेच काढला. “शब्दांनी भांडू नको,” तो म्हणाला. “तुझ्या लाकडाचा एक तुकडा चिकटव, माझ्या लाकडाचा एक चिकटव. दोन्ही उकळ, वाळव आणि मोड. काय ते लाकूडच सांगेल.”

फवारणीच्या विमानांसाठी त्याच्याकडे थोडं स्प्रूस होतं. ग्वेंडाने दोन्ही तुकडे एकाच सरसाने, सारख्याच निगुतीने चिकटवले. सफरचंदाचा मुरंबा करायच्या मोठ्या पातेल्यात ते दिवसभर उकळले. सबंध घराला त्या पाइनचा वास लागला. वाळल्यावर तिने एकेक तुकडा जॅकखाली धरला आणि दांडा दाबत गेली.

स्प्रूस कडाडून फुटलं. सांधा तसाच राहिला, शेजारचं लाकूड चिरफाळलं. मग तिने आपला तुकडा लावला. तो फुटलाच नाही. थोडा दाब पडताच दोन अर्धुकं एकमेकांवरून सरकली आणि गळून जमिनीवर पडली. तिने ती उचलली. चिकटवलेली बाजू गुळगुळीत, चकचकीत, जणू तिला सरस कधी लागलाच नव्हता.

ते लाकूड तेलकट असतं, म्हणून तर ते कुजत नाही. आणि त्याच तेलावर सरस धरत नाही. ग्वेंडाच्या होड्यांत फळ्या तांब्याच्या खिळ्यांनी ठोकलेल्या असत. एकट्या सरसाच्या जिवावर तिने कधी काही सोडलंच नव्हतं, म्हणून इतक्या वर्षांत हे तिच्या लक्षात यायचं कारण पडलं नव्हतं.

अल्विन पाना उचलून इंजिनाकडे परत गेला. त्याचे तिने मनोमन आभार मानले. करवत घेऊन ती धडात शिरली आणि आपण केलेलं सगळं काम, माळ्यावरच्या जपलेल्या त्या फळ्यांसकट, स्वतःच्या हाताने कापून बाहेर काढलं. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. डार्सीने चहा आणून उंबऱ्यावर ठेवला, तो तिथेच निवला. काम संपल्यावर ती बाहेर आली, अंगावरचा भुसा झटकला आणि म्हणाली, “स्प्रूस कुठून मिळतं ते सांगा.”

स्प्रूस आलं कॅनडातून, बर्चचं प्लाय फिनलंडमधून. यायला उशीर झाला आणि तोवर तिने साचा पुन्हा घासला. मग परत पहिल्यापासून. आता प्रत्येक सांध्याबरोबर ती एक जादा तुकडा चिकटवायची, उकळायची आणि मोडायची. डार्सीने मुरंब्यासाठी नवं पातेलं आणलं, कारण जुन्याची चव बिघडली होती. भगदाड भरून झालं, रंध्याने सारखं झालं, वर कापड बसलं, तेव्हा अल्विन दिवा घेऊन आत शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. आला तो म्हणाला, “सांधा कुठे आहे ते दाखव.”

तिने दाखवला.

“बरं,” म्हणाला, आणि सही केली.

इंजिन पहिल्यांदा चालवलं ते नदीकाठी, शेपटी पाण्याकडे करून. मागच्या चाकांचे दांडे होड्या ओढायच्या साखळीने सिमेंटच्या ठोकळ्याला बांधलेले. अर्धं गाव कुंपणावर. पहिल्या खेपेला नुसतं घुर्र झालं आणि मागून न जळलेलं रॉकेल गळालं. अल्विनने ते निथळू दिलं, पुसून घेतलं आणि पुन्हा बटण दाबलं. मागून हातभर ज्वाळा बाहेर पडली. कुंपणावरचं गाव मागे सरलं. मग ज्वाळा आत ओढली गेली आणि ती शिट्टी सुरू झाली. आधी किटलीसारखी, मग चढत चढत दातांत शिरणारी. नदीचं पाणी मागे सपाट झालं, बदकं पलीकडच्या काठाला पळाली. साखळी ताठ झाली आणि ठोकळा कुरकुरला. ग्वेंडाने कानांवर हात दाबले आणि ती ओरडून काहीतरी म्हणाली, ते कुणालाच ऐकू गेलं नाही. अल्विन मात्र बहिरा कान इंजिनाकडे करून उभा होता आणि हसत होता.

वैमानिक मिळाला रॉइस गिब्लिन. तारुण्यात यानेच ही विमानं उडवली होती. आता छोट्या विमानातून बेटांवर टपाल न्यायचा. माणूस मोजकं बोलणारा. विमान सुटं करून ट्रकने हॉबर्टच्या विमानतळावर आणलं, पुन्हा जोडलं, तेव्हा तो त्याभोवती फिरला आणि म्हणाला, “लाकूड कुणी केलं?”

“मी.”

“मग जमिनीवरच्या चाचणीला तू माझ्या शेजारी बसायचं. जमिनीवर मी ते जोरात पळवणार आहे. ज्याने केलंय त्याने शेजारी बसलेलं मला आवडतं.”

ग्वेंडा बसली. पट्टे आवळले, झाकण बंद झालं. घोड्याशी बोलावं तसा रॉइस विमानाशी हळू बोलत होता. धावपट्टीवर त्यांनी वेग घेतला, नाक हलकं झालं, आणि रॉइसने ठरल्याप्रमाणे शक्ती कमी करून ब्रेक दाबले. उजवा लागला. डाव्या बाजूने फुस्स आवाज आला. विमान गर्रकन वळलं, धावपट्टी सोडून गवतात घुसलं. पुढचं चाक चिखलात रुतलं आणि ग्वेंडाचं कपाळ समोरच्या कडेवर आपटलं. मग सगळं थांबलं.

“लागलं का?” रॉइसने विचारलं.

“मला राहू दे. धडाला लागलं का ते बघते.”

कपाळाला रुमाल बांधून ती पोटाखाली शिरली. आरसा आणि दिवा घेऊन तिने एकेक सांधा तपासला, मग आतून पुन्हा. एका ठिकाणीही लाकूड हललं नव्हतं. बाहेर आली तर अल्विन गवतात मांडी घालून बसला होता. त्याच्या हातात ब्रेकची रबरी नळी होती, मधोमध फाटलेली.

“जुनी होती,” तो म्हणाला. “बाहेरून चांगली दिसत होती. मीच ठेवली.” त्याने नळी गवतात टाकली. “तू मेली असतीस पोरी. माझा शब्द शेवटचा म्हणत होतो ना मी.”

ग्वेंडाने खूप काही बोलायचं ठरवलं असतं तर तिला कुणी अडवलं नसतं. ती त्याच्या शेजारी गवतात बसली.

“अशा अजून किती आहेत आत?”

“रबराच्या? पुष्कळ.”

“सगळ्या काढू.”

“उन्हाळा जाईल.”

“जाऊ दे.”

उन्हाळा गेला. सफरचंदं उतरवून झाली, बागांमध्ये पानं पिवळी पडली. विमानातली रबराची एकूण एक नळी बदलली. अल्विन आता प्रत्येक जोड ग्वेंडाला दाखवायचा आणि तिच्याकडून हो म्हणवून घ्यायचा. परवान्याचा सरकारी अधिकारी दोनदा येऊन गेला. दुसऱ्यांदा त्याने कागदावर शिक्का मारला.

पहिल्या उड्डाणाला नियमाप्रमाणे वैमानिक एकटाच जातो. ग्वेंडा, डार्सी आणि अल्विन धावपट्टीच्या कुंपणाशी उभे होते. एल्वा हॅलमही नवऱ्याला घेऊन आली होती. नवरा म्हणाला होडी झकास आहे, एकही मासा लागत नाही पण होडी झकास आहे. कुणी हसलं नाही, कारण शिट्टी सुरू झाली होती.

व्हॅम्पायर धावलं. पुढचं चाक उचललं. ग्वेंडाला वाटलं आता मागची उचलतील, पण ती उचलेनात. धावपट्टी संपत चालली. तिने डार्सीचा हात एवढा आवळला की त्याने “हाड आहे गं” म्हटलं. आणि मग चाकांखाली उजेड दिसला. बोटभर, हातभर, आणि विमान पाण्यावरून निघून गेलं.

दूरवर ते वळलं. वळताना त्याच्या पोटावर ऊन पडलं. ग्वेंडाला रडू आलं नाही. तिला सारखं वाटत होतं की वळताना धडावर किती ताण येत असेल, डाव्या खांद्याचा तो लांब सांधा आता काय म्हणत असेल. रॉइसने सांगितल्याप्रमाणे तीन चकरा मारल्या, चाकं खाली सोडली आणि असा अलगद उतरला की टायरचा आवाजही कुंपणापर्यंत आला नाही.

इंजिन थांबल्यावर कानांत दडे बसलेले. झाकण उघडलं. रॉइसने शिरस्त्राण काढलं, केस सारखे केले.

“काय?” ग्वेंडा खालून ओरडली. “कसं आहे?”

रॉइसने विचार केला. “थोडं डावीकडे ओढतं.”

“आणि?”

“आणि काही नाही. आम्ही उडवायचो तेव्हाही ओढायचंच.”

अल्विन तोवर वाकून पंखाखाली शिरला होता. “आहेस तिथेच बस रे,” तो खालून रॉइसला ओरडला, “कुठे काय गळतंय ते आधी बघू दे!” काहीच गळत नव्हतं.

पुढच्या महिन्यात ग्वेंडाही वर गेली. रॉइसने तिला खोऱ्यावरून नेलं. खाली नदी, मचव्यांच्या डोलकाठ्यांची गर्दी, तिच्या शेडचा लांब पत्रा. त्याने विमान आडवं केलं, मग पूर्ण उलटं. ग्वेंडाच्या पोटातलं सगळं टोपीत आलं. खाली उतरल्यावर ती पांढरीफटक पडली होती. डार्सीने तिला धरून बाकावर बसवलं.

“झाली हौस?” त्याने विचारलं.

“पुढच्या वेळी नाश्ता करून जाणार नाही,” ती म्हणाली.

सोमवारी सकाळी ती शेडवर पोचली, तर जवळच्या डोव्हर गावचा मच्छीमार क्लेम डिलन घसरणीवर बसून वाट बघत होता. त्याच्या बोटीचा तळ केव्हापासून दुरुस्तीला पडला होता.

“आलीस वरून?” तो म्हणाला. “आता जमिनीवरच्या माणसांचं काय?”

ग्वेंडाने शेडचं दार ढकललं, एप्रन गळ्यात अडकवला. “उठ तिथून,” ती म्हणाली, “आणि बोटीचं ते टोक धर.”